जगातला पहिला डबा आज नियमात बसला नसता

३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात डेव्ह अल्मर यांनी एक काळी बादली अर्धी जमिनीत पुरली. आत पुस्तकं, गलोल आणि बीन्सचा एक हवाबंद डबा असं काहीबाही होतं. मग त्यांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. अक्षांश-रेखांशांवरून दडवलेले डबे शोधण्याचा ‘जिओकॅशिंग’ हा खेळ सुरू झाला तो इथून. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे दडलेले आहेत आणि खेळाभोवती गैरसमजही बरेच आहेत.

गैरसमज : डब्यात खजिना असतो.
वस्तुस्थिती : बहुतेकदा असते ती छोटी नोंदवही, नाहीतर कागदाची सुरळी. तिच्यावर सही केली की शोध पूर्ण. मोठ्या डब्यात खेळणी, बिल्ले सापडतात. एखादी वस्तू उचलली, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची.

गैरसमज : मोबाइल थेट डब्यापाशी नेऊन सोडतो.
वस्तुस्थिती : मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतं, दाट झाडीत त्याहून जास्त. पूर्वी तर नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. अमेरिकी सरकारने ती भेसळ २ मे २००० रोजी थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी अल्मर बादली घेऊन निघाले. तरी शेवटची चार पावलं आजही डोळ्यांचीच. ढोली, दगडाची कपार, बाकाखालची फट हाताने चाचपावी लागते.

गैरसमज : उद्यानाच्या पायवाटेवर हवा तिथे खड्डा खणून डबा पुरता येतो.
वस्तुस्थिती : जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून पुरायला मनाई आहे. डबा नुसता ठेवायलाही मालकाची परवानगी लागते आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवावं लागतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रशासनाच्या संमतीशिवाय डबा ठेवता येत नाही. अशा ठिकाणी २००४ पासून ‘अर्थकॅश’ची सोय आहे. त्यात डबाच नसतो; खडक किंवा धबधबा पाहून भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची.

गैरसमज : डबा जितका गूढ, तितकी मजा.
वस्तुस्थिती : २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कॅफेबाहेर ठेवलेला डबा बाँब समजला गेला. रस्ते बंद झाले आणि लष्कराच्या पथकाने तो स्फोटाने उडवला. म्हणून डब्यावर ‘जिओकॅश’ असं ठळक लिहावं, तो शक्यतो पारदर्शक असावा आणि शाळा, रेल्वे, पूल टाळावेत, असं सांगितलं जातं.

खाण्याच्या वस्तूही डब्यात चालत नाहीत, कारण वासाने जनावरं येतात आणि डबा फोडतात. म्हणजे पहिल्या बादलीतले बीन्स आज नापास आणि परवानगी नसेल, तर अर्धी पुरलेली बादलीही. तो बीन्सचा डबा मात्र पुढे त्याच जागी सापडला आणि आता खेळाडूंच्या मेळाव्यांत मिरवतो.