लगाम बोटावर

मराठवाड्यातल्या मुलाची पहिली गाडी बहुधा त्याच्या स्वतःच्या हातची असते. ज्वारीची सुगी झाली, की रानात पडलेली धाटे गोळा करायची, भेंड आणि चोया वेगळ्या करायच्या आणि बाभळीच्या काट्यांनी जोडून बैलगाडी उभी करायची. तिची चाके फिरोत न फिरोत, गाडी पळते. कारण ती ओढणारा स्वतः पळत असतो. त्यानंतर येतो सायकलचा जुना टायर आणि हातभर काठी. या खेळण्यांना बाजारात किंमत नाही आणि त्यांचे परीक्षण लिहिण्याचे कुणाला सुचतही नाही.

आज मात्र परीक्षण लिहायचे आहे ते एका विकतच्या, परदेशी आणि विजेवर धावणाऱ्या गाडीचे. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला लोक येतात ते पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा पाहायला. अशा या गावी ही गाडी आली एका नातेवाइकाच्या बॅगेतून, आणि गेले काही आठवडे आमच्या घरच्या शहाबादी फरशीवर तिच्या शर्यती चालू आहेत. इंग्रजीत तिला ‘स्लॉट कार’ म्हणतात. आपण तिला खाचेतली मोटार म्हणू.

सुकाणू नसलेली गाडी

खेळाची रचना साधी आहे. प्लॅस्टिकच्या तुकड्यांना तुकडे जोडून रस्ता तयार होतो. त्यावर दोन समांतर खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना धातूची एकेक पट्टी. गाडीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला एक छोटे पाते असते, ते खाचेत बसते. पात्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या विणलेल्या तारांचे झुपके असतात. ते पट्ट्यांना घासत जातात, त्यांतून वीज गाडीतल्या मोटारीला मिळते आणि मागची चाके फिरतात. भिंतीतली वीज थेट रस्त्यावर येत नाही. ट्रान्सफॉर्मर तिला बारा-पंधरा व्होल्टवर उतरवतो, त्यामुळे मुलांनी पट्टीला हात लावला तरी धोका नाही.

खेळणाऱ्याच्या हातात पिस्तुलासारखी एक मूठ असते. तिचा घोडा जितका दाबाल तितकी वीज जास्त आणि तितका वेग जास्त. बस्स, एवढेच. सुकाणू नाही, ब्रेकचे वेगळे पेडल नाही, गिअर नाही. घरातल्या धाकट्याने पहिल्याच मिनिटाला विचारले, “मग ह्यात चालवायचं काय?”

प्रश्न रास्त होता. उत्तर पहिल्याच वळणावर मिळाले. घोडा पूर्ण दाबलेला, गाडी सरळ रस्त्यावरून सुसाट आली, वळणावर खाच वळली आणि गाडी काही वळली नाही. ती उडून थेट धान्याच्या कोठीखाली गेली. खाच गाडीला वाट दाखवते, पण धरून ठेवत नाही. किती वेगाने यायचे आणि कुठे आवरायचे हे तर्जनीने ठरवायचे. सारी शर्यत त्या एका बोटात आहे.

खेळ आला कुठून

विजेवरच्या शर्यतीची कल्पना जुनी आहे. आगगाडीच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९१२ सालीच असा एक संच बाजारात आणला होता. पण खेळाला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधल्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी १९५२ पासून ‘स्केलेक्स’ नावाच्या चावीच्या पत्र्याच्या मोटारी विकत होती. चावी एकदा दिली, की गाडी आपल्या मर्जीने सुटते. मालकाला बघत बसण्यापलीकडे काम नाही. फ्रान्सिस यांनी त्या मोटारींत विजेची मोटार बसवली आणि वेग खेळणाऱ्याच्या हाती दिला. स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक मिळून ‘स्केलेक्स्ट्रिक’ हे नाव झाले. १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत ते पहिल्यांदा मांडले गेले. मागणी इतकी वाढली, की पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या उद्योगाला विकली.

१९६० च्या दशकात अमेरिकेत या शर्यतींची लाट आली, दुकानांसारखी शर्यतघरे उघडली आणि दशक सरता सरता बहुतेक बंदही पडली. स्पेनमध्ये मात्र खेळ असा रुजला, की माद्रिदमधल्या आतोचा चौकातल्या वेटोळ्या उड्डाणपुलालाच लोक ‘स्केलेक्स्ट्रिक’ म्हणू लागले. १९६८ साली बांधलेला तो पूल १९८० च्या दशकात पाडला गेला, पण शब्द तिथल्या भाषेत राहिला.

शर्यतीतली घरची गाडी

आमच्याकडे आलेली प्रतिकृती आहे ‘लोटस कॉर्टिना’ या सलून गाडीची. सलून म्हणजे इथे केशकर्तनालय नव्हे. चार माणसे बसतील, मागे सामान मावेल अशी छपराची, घरची मोटार. शर्यतीसाठीच जन्मलेल्या, जमिनीला चिकटलेल्या, एका माणसाच्या गाड्या वेगळ्या. सलून शर्यतीची गंमत अशी, की काल ज्या गाडीतून शेजारी बाजारात गेला, तिचीच बहीण आज मैदानात दिसते.

आपल्याकडेही हे घडले आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० ही दोन पिढ्यांच्या ओळखीची गाडी. लग्नात नवरदेवाला तीच, दवाखान्यात न्यायला तीच. १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी होती, तिथल्या शर्यतींत हीच फियाट इंजिनाची डागडुजी करून उतरवली जाई. घरच्या गाडीने मैदान मारावे, ही हौस साऱ्या जगात सारखीच.

कॉर्टिनाही अशीच. फोर्ड कंपनीची साधी कौटुंबिक गाडी. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी तिच्यात १५५८ सी.सी.चे नवे इंजिन बसवले, दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे करून वजन घटवले आणि पांढऱ्या अंगावर हिरवा पट्टा ओढून १९६३ साली ती बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, जिम क्लार्क यांनी ती चालवून ब्रिटिश सलून शर्यतींचे विजेतेपद मिळवले. वळणावर तिचे आतले पुढचे चाक जमिनीपासून वर उचललेले असे. तीन चाकांवर वळणारी पांढरी-हिरवी गाडी हे त्या काळच्या छायाचित्रांतले ठरलेले दृश्य.

क्लार्क हा शेतकरी गडी. स्कॉटलंडमधला मेंढ्या पाळणारा. १९६३ आणि १९६५ असा दोनदा तो फॉर्म्युला वन शर्यतींचा जगज्जेता झाला आणि ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमच्या शर्यतीत वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. चर्नसाइड गावातल्या त्याच्या थडग्यावर आधी ‘शेतकरी’ लिहिले आहे आणि नंतर ‘जगज्जेता’. त्याच्या चालवण्याचे वर्णन करणारे सगळे एकच सांगतात: गाडीला तो कधी हिसका देत नसे.

फरशीवरची परीक्षा

आता प्रतिकृतीकडे वळू. प्रमाण बत्तिसास एक. खरी गाडी सव्वाचार मीटरची, म्हणून ही साधारण तेरा सेंटिमीटरची, हाताच्या पंज्यात मावणारी. रंगकाम उत्तम आहे. हिरव्या पट्ट्याची कड कुठे फाकलेली नाही, मागचे गोल दिवे, पुढची जाळी, दारावरचा क्रमांकाचा गोल, सारे जिथल्या तिथे. आत डोकावले तर चालक कमरेपासून वरचाच आहे. त्याचे पाय मोटारीने आणि दातेरी चक्रांनी खाल्ले आहेत. एवढ्याशा जागेत ते चालायचेच.

धावण्याच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, सलूनचे छप्पर उंच आणि अंग अरुंद. त्यामुळे बुटक्या, रुंद शर्यती मोटारीपेक्षा ही लवकर कलंडते. दुसरी, यावर उपाय म्हणून कंपनीने मागच्या आसाजवळ एक लहानसा चुंबक बसवला आहे. तो रस्त्यातल्या लोखंडी पट्ट्यांना ओढून धरतो. चुंबक असताना गाडी वळणावर चिकटून जाते, पाच वर्षांचे मूलही तिला चालवू शकते. पण शेपूट हलत नाही आणि मजा निम्मी होते. स्क्रू काढून चुंबक बाजूला केला, की खरी कॉर्टिना दिसते. वळणावर मागचा भाग बाहेर झुकतो, बोट हळूच सैल करावे लागते आणि मगच गाडी सरळ होते. पहिल्या दिवशी चुंबकासह आणि आठवड्याने चुंबकाशिवाय, हा क्रम उत्तम.

उणेही आहे. बाजूचे आरसे तिसऱ्या पडण्यात गेले. मागचे टायर नवे असताना गुळगुळीत होते, ओल्या फडक्याने घासल्यावर पकड आली. आणि खरीचे ते चाक उचलणे हिच्यात नाही, ते छायाचित्रातच पाहायचे.

वेगाचा हिशेब मुलांनीच मांडला. आमचा रस्ता पाच मीटरचा. एक फेरी चार सेकंदांत होते, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर. माणूस चालतो तेवढाच! पण गाडी बत्तीसपट लहान, तेव्हा तिच्या मापाने हाच वेग ताशी १४४ किलोमीटर होतो. त्याच हिशेबाने पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडणे म्हणजे चोवीस मीटरवरून, आठ मजली इमारतीवरून पडणे. म्हणून रस्ता फरशीवरच मांडावा.

फरशीवर मांडला, की धूळ आलीच. आमच्या भागात कापसाचे तंतूही. ते आसाभोवती गुंडाळले जातात आणि गाडी दम टाकते. आठवड्यातून एकदा चिमट्याने तंतू काढावेत, आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा, तांब्याचे झुपके बोटाने पिंजून सरळ करावेत. तेल झुपक्यांना लागू देऊ नये. आतली तार निसटली, तर रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही ती डाग देऊन जोडील. हा या खेळण्याचा मोठा गुण. ते उघडता येते, त्याच्या आत काय चालले आहे ते दिसते.

वळणावर उभे राहणारा

एका संध्याकाळी शेजारचे जीपवाले मामा आले. त्यांचा जन्म घाटवळणाच्या रस्त्यांवर गेलेला. त्यांनी मूठ हातात घेतली, दोन फेऱ्या हळू मारल्या आणि तिसऱ्या फेरीपासून पोरांना एकदाही पुढे जाऊ दिले नाही. गुपित विचारले तर म्हणाले, “वळण आल्यावर पाय काढून काय उपेग? यायच्या आधी काढावं लागतंय. गाडी सरळ झाली की मंग दाबा की!” रस्त्यावर तीस वर्षे शिकलेले त्यांनी एका वाक्यात सांगितले. मुलांना ते आम्ही सांगून कधी पटले नसते. गाडी चारदा कोठीखाली गेल्यावर पटले.

या खेळाचा एक रिवाज मात्र मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जगभरच्या क्लबांत ज्याची पाळी नसते तो खेळाडू वळणावर उभा राहतो आणि पडलेली गाडी उचलून पुन्हा खाचेत ठेवतो. मग ती प्रतिस्पर्ध्याची का असेना, तितक्याच तत्परतेने. आमच्याकडे हा नियम लागू केला तेव्हा पहिल्या दिवशी भांडण झाले. दादाची गाडी पडली, की धाकटीच्या हालचाली एकाएकी मंदावत. मग दादानेही पुढच्या शर्यतीत परतफेड केली. दोघांच्याही फेऱ्या घटल्या आणि तिसराच, आतेभाऊ, जिंकला. चौथ्या दिवसापासून गाडी पडायचा अवकाश, की हात पुढे. हा नियम आम्ही सांगितला होता, पण लागू केला तो त्या आतेभावाच्या विजयाने.

शिवाय खेळताना मध्येच वीज जाते. गाड्या आहेत तिथे थांबतात. पुढे कोण होते यावर वाद होतो, आजीला पंच नेमले जाते आणि आजी दोघांनाही जेवायला उठवते.

घ्यावी की नाही

हौसेला मोल नसते, पण गाडीला असते. परदेशी बनावटीच्या अशा एकट्या गाडीचे दाम सोयाबीनच्या एका क्विंटलच्या आसपास जाते. रस्ता, मुठी आणि ट्रान्सफॉर्मरसह संच घ्यायचा तर त्याच्या काही पट. ज्या घरात पेरणीचा हिशेब अजून लागायचा आहे, त्या घराने या वाटेला जाऊ नये आणि त्याचे वाईटही वाटून घेऊ नये. एका मुलासाठी तर हा संच मुळीच घेऊ नये. एकट्याने खेळले, की तो आठ दिवसांत माळ्यावर जातो. चार चुलत-आते भावंडांत, एखाद्या शाळेत किंवा गावच्या वाचनालयात मिळून घेतला, तर पैसा वसूल होईल.

आणि घेतलाच, तर पहिली गाडी सलूनच घ्यावी. ती कलंडते, रुसते, सांभाळून घ्यावी लागते. म्हणूनच तिच्यावर हात बसतो. सुटे भाग मिळतात का, चुंबक काढता येतो का, टायर बदलता येतात का, हे तीन प्रश्न दुकानदाराला आधी विचारावेत. आरशांची चौकशी करण्यात अर्थ नाही, ते जाणारच.