गॅस गळाला तर खर्च किती?

घरात गॅसचा वास आला की भीती वाटायला हवी ती आगीची. पण पुष्कळ घरांत पहिली भीती वाटते ती खर्चाची. मिस्त्री बोलवावा तर तो पैसे मागेल. नवी नळी घ्या म्हणेल. त्यापेक्षा थोडासाच तर वास आहे, बाजारच्या दिवशी बघू. असे म्हणत म्हणत महिना जातो आणि गॅस गळतच राहतो. म्हणून या पाठात आम्ही खर्चाचाच हिशोब मांडणार आहोत.

आधी गॅस म्हणजे काय ते पाहू. टाकीत गॅस दाबून भरलेला असतो. दाबामुळे तो पाण्यासारखा पातळ होतो. टाकी हलवली की आत खळखळते, ते हेच. तो बाहेर आला की त्याचा वायू होतो आणि सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. एक तांब्या पातळ गॅस सुटला तर अडीचशे तांबे वायू झाला म्हणून समजा.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. चुलीचा धूर वर जातो, आढ्याला लागतो. गॅस मात्र खाली बसतो. ओट्याखाली, बाजेखाली, मोरीत साचून राहतो. म्हणून वरचा झरोका उघडून भागत नाही. दार उघडावे लागते. शंभर भाग हवेत दोन भाग गॅस मिसळला, तरी पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

आणि तो वास? तो गॅसचा नव्हेच. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात एक उग्र वासाचे औषध मुद्दाम घालते. यामागे एक दुःखद गोष्ट आहे. अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तिथे न्यू लंडन या गावी एक मोठी शाळा होती. खर्च वाचावा म्हणून शाळेच्या चालकांनी गॅस विकत घेणे बंद केले आणि तेलविहिरींतून निघणाऱ्या टाकाऊ वायूच्या नळाला जोड घेतला. त्या वायूला वास नव्हता. तो शाळेच्या तळघरात गळून साचला. कुणाला पत्ता लागला नाही. 18 मार्च 1937 रोजी एका शिक्षकाने लाकूड घासायचे विजेचे यंत्र सुरू केले. ठिणगी पडली. शाळा उडाली. जवळजवळ तीनशे मुले आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये वास घालण्याचे कायदे झाले. आपल्या नाकाला जो वास येतो, तो असा आलेला आहे.

वास जोराचा असेल तर शोधत बसू नये. शेगडीच्या कळा बंद कराव्यात. रेग्युलेटर बंद करावा. चूल, उदबत्ती, देवापुढचा दिवा विझवावा. दारे उघडावीत. विजेचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. पंखा लावून वास घालवू म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हात धरून थांबवावे. रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर तिची टोपी दाबून बसवावी. ती टोपी दोरीने टाकीला बांधलेली असते, ती याचसाठी. दोरी कापून टोपी फेकून देतात, ते बरे नव्हे. मग पोराबाळांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरूनच फोन करावा. फोनचा आकडा आहे 1906. साऱ्या देशाला हा एकच आकडा आहे. रात्री-अपरात्री, सणासुदीलाही तो चालतो.

वास अगदी थोडा असेल, कधी येतो कधी जातो असा असेल, तर गळती शोधता येते. तिला खर्च किती? साबणाच्या एका चिपेचा.

आधी घरातली सारी आग विझवावी. वाटीभर पाण्यात साबण विरघळवून फेस करावा. शेगडीच्या कळा बंद ठेवाव्यात आणि रेग्युलेटर तेवढा चालू करावा. मग तो फेस बोटाने किंवा फडक्याने लावत जावे. टाकी आणि रेग्युलेटर जिथे मिळतात तिथे. रेग्युलेटरला नळी बसते तिथे. सबंध नळीवर, विशेषतः ती जिथे वाकते तिथे. शेगडीला नळी बसते तिथे, आणि शेगडीच्या कळांपाशी. जिथे बुडबुडे फुगतात तिथे गळती. सापडली की रेग्युलेटर लगेच बंद करावा. काडी ओढून गळती शोधणारेही लोक आहेत. त्यांची गळती सापडते खरी, पण सांगायला ते राहतीलच असे नाही.

आता दुरुस्तीचे पैसे. गळतीची तक्रार केल्यावर एजन्सीचा माणूस येतो, त्याचे येणे फुकट असते. टाकीच्या तोंडात रबराचे एक लहान कडे असते. ते तुटले, चिरले, तर टाकी गळते. हा दोष टाकीचा, म्हणून त्याचे पैसे पडत नाहीत. टाकी घरी आणून देणाऱ्याने दारातच ती गळते का ते पाहून द्यायची असते. वजनही करून दाखवायचे असते. हे दोन्ही मागून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. रेग्युलेटर नीट वापरूनही बिघडला, तर गॅसचे पुस्तक दाखवून बदलून मिळतो. मात्र तो पाडून फोडला किंवा हरवला, तर पैसे भरावे लागतात. शेगडी आपली स्वतःची असते. तिची कळ घट्ट झाली, बर्नर फुटला, तर सामानाचे आणि मजुरीचे पैसे आपलेच.

राहिली नळी. बहुतेक वेळा गळती असते ती हिच्यातच. आम्ही एका गावी गेलो होतो. एका घरात नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर सुतळी बांधलेली दिसली. घरच्या बाईंना आम्ही विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘‘उंदरानं कुरतडली होती भाऊ. धन्यानं बांधून दिली. नव्या नळीला दोनशे कुठनं आणायचे?’’ त्या लबाड नव्हत्या की अडाणी नव्हत्या. त्यांनी फक्त एका बाजूचा हिशोब केला होता. दुसरी बाजू आम्ही तिथेच ओट्यावर खडूने लिहून दाखवली.

घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. भाव वरखाली होतो, पण समजा टाकी 900 रुपयांना पडली. म्हणजे किलोला झाले सुमारे 63 रुपये. एका टाकीतला तीनच किलो गॅस गळून गेला, तर गेले 190 रुपये. तेल कंपन्यांनी 2024 साली घरोघर फुकट तपासणीची मोहीम चालवली, तेव्हा दीड मीटरची 190 रुपयांची नळी 150 रुपयांना दिली होती. म्हणजे नळीचे पैसे त्या घरातून गेलेच. फक्त ते हवेत गेले. बाई आकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पोराला हाक मारली आणि गॅसचे पुस्तक काढायला सांगितले.

नळी घ्यावी ती नारिंगी रंगाची, जिला सुरक्षा नळी म्हणतात. तिच्या पोटात पोलादी तारेची गुंफण असते, म्हणून उंदराचे दात तिच्यावर सहजी चालत नाहीत. तिच्यावर साल छापलेले असते. पाच वर्षे झाली की वरून कितीही चांगली दिसली तरी बदलावी. बाजारात साधी रबरी नळी स्वस्त मिळते. ती घेऊ नये, आणि त्याचे कारण फक्त उंदीर नव्हे.

कारण असे. गॅसचे कनेक्शन असलेल्या घरासाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. पुष्कळांना तर असा विमा आहे हेच ठाऊक नसते. गॅसच्या अपघातात माणूस दगावला, तर 6 लाख रुपये. औषधपाण्याला माणशी 2 लाखांपर्यंत. घराच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत. पण पुस्तकावर जो पत्ता आहे त्याच घरात अपघात झालेला असावा लागतो, आणि चौकशीत रेग्युलेटर, नळी, शेगडी ही सारी पाहिली जातात. सुतळी बांधलेली नळी तिथे काय साक्ष देणार?

आणखी एक. कधी कधी एखादा माणूस दारात येतो. गळ्यात पट्टा, हातात वही. ‘‘कंपनीकडून आलोय, तपासणी सक्तीची आहे,’’ म्हणतो, नळी गळ्यात मारतो आणि पैसे घेऊन जातो. पाच वर्षांतून एकदा सक्तीची तपासणी असते आणि तिला पैसे पडतात, हे खरे. पण आधी त्याचे ओळखपत्र वाचावे. एजन्सीला फोन करून विचारावे. पैसे दिले तर पावती घ्यावी. पावती नाही म्हणाला, तर त्याला चहासुद्धा देऊ नये असे आमचे मत आहे.

आता वाचता येते, तेव्हा टाकीही वाचावी. टाकीच्या वरच्या कड्याला आतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. त्या टाकीची पुढची चाचणी केव्हा व्हायची, ते त्यातून कळते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे सालाचे. ‘बी 27’ असेल तर 2027 सालच्या जूनअखेर. ती मुदत उलटून गेलेली टाकी दारात आली, तर उतरवून घेऊ नये. दुसरी मागावी. तिचेही जादा पैसे पडत नाहीत.