भीमाच्या मनगटावरचे घड्याळ

बडोद्यात आमच्या घराण्याची ही चौथी पिढी; परंतु गाव सुटले तरी कुलदैवत सुटत नाही, हे आपल्या जुन्या घरांना सांगावयास नकोच. त्या निमित्ताने परवा पेडणे तालुक्यात गेलो आणि मोपा येथे मावसभावाकडे उतरलो. ज्या सड्यावर पूर्वी गुरे चरत, तेथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत.

संध्याकाळी मावसभावाचा नातू दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका पाहत बसला होता. भाग अगदी सुरुवातीचा, १९६६ सालचा. एकाएकी चित्र थांबवून तो ओरडला, "आजोबा, चूक!" पडद्यावर कप्तान कर्क याच्या नावाचा थडग्याचा दगड होता. त्यावर नावातले मधले अक्षर 'आर' कोरलेले; पुढच्या भागांत मात्र ते 'टी' आहे म्हणे!

"एका अक्षराचे काय एवढे?" मी म्हटले.

"तिथे सगळेच बनवलेले आहे ना, आजोबा? मग निदान नाव तरी एकच नको?"

मी निरुत्तर झालो. इतिहासात लेखक चुकला तर पडताळा पाहावयास बाहेर जग असते. कल्पित जगाला मात्र स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नाही.

त्याच रात्री देवळापुढे दशावतार होता. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक आधी ठरते आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. पांडव वनवासात होते. भीमाने गदा उचलली आणि त्याच्या मनगटावर घड्याळ चमकले! माझ्या शेजारच्या आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, "अरे, भीमाच्या हातात घड्याळ खंयचां?"

सभा हसली. भीम क्षणभर थबकला, मग धीरगंभीर आवाजात उत्तरला, "माते, मयासुराने आम्हांस सभा बांधून दिली, तेव्हा मला ही गदा दिली आणि जोडीला हे यंत्रही दिले. वनवासाची बारा वर्षे मोजावयास आता उपयोगी पडते आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आजीबाईही मान डोलावून हसल्या.

घरी परतल्यावर मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा नातू म्हणाला, "आमच्या मालिकेतही असेच झाले!" त्या मालिकेतील क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांची कपाळे आरंभी माणसांसारखी सपाट होती. १९७९ च्या चित्रपटात त्यांवर एकदम उंचवटे आले. कारण उघड होते : रंगभूषेला आता अधिक पैसा मिळाला होता. पण प्रेक्षक विसरले नाहीत. अखेर २००५ साली एका रोगाची कथा रचून तो फरक मालिकेतच उलगडावा लागला. इंग्लंडच्या 'डॉक्टर हू' मालिकेत १९६६ साली मुख्य नट बदलणे भाग पडले, तेव्हा नायकाला देह पालटण्याची शक्तीच देण्यात आली. पुढे १९७६ साली त्या देहपालटाला बाराची मर्यादा घातली गेली आणि २०१३ साली त्या शब्दातून सुटण्यासाठी लेखकांना नवी कथा शोधावी लागली.

चूक सर्वांच्याच हातून होते. ती शोभेल असे ठिगळ मात्र ज्याला मूळ वस्त्राचा धागा न् धागा ठाऊक आहे, त्यालाच लावता येते. मयासुराने भीमाला गदा दिल्याची कथा महाभारताच्या सभापर्वात खरोखरच आहे. ती नटाला ठाऊक होती, म्हणून तो तरला. आजीबाईंना ठाऊक होती, म्हणून त्यांनी त्याला सोडले.

आणि मला? खरे सांगतो, बडोद्यास परतल्यावर पोथी उघडून ती पाहावी लागली. घरात पोथी चार पिढ्यांची आहे, पण भीमाची परीक्षा घेणारे त्या रात्री माझ्या शेजारी बसले होते. तो मी नव्हतो.

निघताना नातवाने विचारले होते, "आजोबा, मयासुर म्हणजे कोण?" त्याला अक्षरांतला फरक ओळखणारा डोळा आहे, कथा सांगणारे माणूस तेवढे हवे आहे. पुढच्या खेपेस पोथी बरोबर नेणार आहे.