करडईची दूरची बहीण

करडईचे रान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आर्टिचोकची ओळख करून देणे अवघड नाही. सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात पौष-माघात बांधावरून जाताना जी काटेरी बोंडे पायजम्याला ओरबाडतात, त्यांच्याच कुळातली ही. करडईचे बोंड सुपारीहून थोडे मोठे, तर हिचे चांगल्या मोसंबीएवढे, कधी त्याहूनही मोठे. करडईचे पान कोवळे असेतो आपण त्याची भाजी करतो, पुढे बियांचे तेल काढतो; बोंडाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या माणसांनी मात्र पान आणि बी दोन्ही सोडून नेमके बोंडच खायचे ठरवले, आणि तेही फुलायच्या आत. पहिल्यांदा कुणाला हे सुचले असेल, त्याच्या पोटात त्या दिवशी बरीच भूक असली पाहिजे.

अरबी 'अल-खर्शूफ'पासून स्पॅनिश 'अल्काचोफा' झाले आणि इंग्रजांपर्यंत येता येता 'आर्टिचोक'. हिंदीत त्याचे 'हाथीचक' केले आहे. यात हत्ती कुठून आला हे विचारू नये.

माझी लेक कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते. तिथून दक्षिणेला, मॉन्टेरेच्या उपसागराजवळ कॅस्ट्रोव्हिल नावाचे छोटे गाव आहे. आसपास मैलोन्‌मैल हेच पीक. १९२२ च्या सुमारास इटालियन शेतकऱ्यांनी तिथे खंडाने जमीन घेऊन ते लावले. समुद्रावरून येणारे धुके हे त्या पिकाचे भांडवल. उन्हाळ्यातही हवा गार राहते, म्हणून कळी मिटलेली आणि कोवळी राहते. या भाजीत एके काळी इतका पैसा होता की, तिकडून न्यूयॉर्कला येणारा माल सिरो टेरानोव्हा नावाचा गुंड दडपून घ्यायचा आणि चढ्या भावाने विकायचा. त्याला 'आर्टिचोक किंग' म्हणत. शेवटी २१ डिसेंबर १९३५ रोजी महापौर ला गार्डिया यांनी तुताऱ्या वाजवून भर बाजारात जाहीर केले, की छोट्या आर्टिचोकची विक्री बंद! बंदी तीन दिवस टिकली. कांद्यावरून सरकारे हललेली पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

लेकीच्या घरामागे दहा पावलांचे आवार आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मागल्या गल्लीतल्या, इटालियन वंशाच्या एका आजींनी आम्हांला तीन फुटवे दिले. केळीला जसे मुनवे येतात, तसे हिलाही बुडाशी येतात. मुळासकट कापून घ्यायचे आणि लावायचे. बियांपासूनही रोप होते, पण बीजातून आईसारखेच लेकरू येईल याचा भरवसा नसतो. फुटवा म्हणजे थेट तेच झाड.

मी बँकेत अधिकारी होतो, त्यामुळे आधी हिशेब केला. एका झाडाला चार फूट लांब, चार फूट रुंद जागा. भरपूर कुजलेले खत, नियमित पाणी. लावल्यावर पहिल्या वसंतात जेमतेम एखादी कळी. खरे उत्पन्न दुसऱ्या वर्षापासून, आणि मग चार-पाच वर्षे. म्हणजे ही मुदत ठेव झाली. अडचण ठेवीची नव्हती, ठेवीदाराची होती. आम्हा दोघांना मुक्कामाची परवानगी सहा महिन्यांची. ज्या झाडाची कळी खायला आपण तिथे असणार नाही, त्यासाठी खड्डा खणताना हात थोडा जड होतो. तरी खणला. 'गोफर' नावाचा घुशीसारखा प्राणी खालून मुळे कुरतडतो, म्हणून खड्ड्यात आधी तारेच्या जाळीची टोपली बसवली आणि तिच्यात फुटवा लावला.

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुण्याला परतलो. महिना संपायच्या आत विमाने बंद झाली आणि पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. त्या वर्षी कोपऱ्यातल्या झाडाला एक कळी आली, ती लेकीने फोटोत दाखवली. मग झाड सुकल्यासारखे दिसू लागले. ही हिची रीत. दांडा जमिनीलगत कापून टाकायचा आणि खालून नवी पाने फुटेपर्यंत थांबायचे. चंदेरी-करडी, हातभर लांब, कातरलेली पाने. घरात माणसे कोंडलेली असताना त्या पानांनी निम्मा वाफा भरून टाकला. थंडीची हिला गरज असते. दहा अंशांखालची गार हवा काही आठवडे मिळाली नाही, तर जुन्या जातींचे झाड नुसतेच पानांनी माजते, कळी धरत नाही. फ्रीमॉन्टच्या हिवाळ्याने ते काम चोख केले.

२०२१ च्या एप्रिलात कळ्या आल्या आणि खरा पेच पडला. कळी केव्हा कापायची? मधली सर्वांत मोठी, तिच्याखाली फांद्यांवर लहान, त्यांच्याखाली आणखी लहान. पाकळ्यांसारखी दिसणारी खवल्यांची पाने घट्ट मिटलेली असतानाच कापायची. ती सुटू लागली, की आतले तंतू राठ झाले म्हणून समजा. ताजी कळी मुठीत दाबली की करकरते. हे मी व्हिडिओ कॉलवर सांगत होतो. लेक म्हणाली, "बाबा, करकर मला ऐकू येतेय, तुम्हांला इथून कशी ऐकवू?" दांडा दोन-तीन इंच ठेवून काप, एवढेच मी सांगू शकलो. दांड्याची साल काढली की तोही खाता येतो.

आठ वर्षांच्या नातीने दोन कळ्या कापू दिल्या नाहीत. त्या उमलल्या. जांभळा, निळ्याकडे झुकणारा झुपका, करडईच्या केशरी फुलाहून कितीतरी मोठा, आणि त्यात मधमाश्या अक्षरशः लोळत होत्या. हिशेबाने पाहिले तर दोन कळ्यांचे नुकसान. नातीने तो फोटो आमच्या पुण्याच्या फ्रिजवर लावायला पाठवला.

आम्ही पोचलो ते एप्रिल २०२२ मध्ये. मावा पडला होता. पाण्याच्या जोरदार धारेने तो धुतला. मग स्वयंपाकघर. शेंड्याचा तिसरा हिस्सा उडवायचा, काट्यांची टोके कात्रीने छाटायची आणि लिंबाच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर केळफुलासारखी कळी काळी पडते आणि बोटेही. वाफवून झाले की एकेक पान ओढायचे आणि बुडाचा गर दातांनी ओरपायचा. अमेरिकन पाहुण्यांना हे शिकवावे लागते म्हणे; शेवग्याच्या शेंगा खाल्लेल्या माणसाला काय शिकवायचे? तिकडे वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात. आमच्या हिने लसणाची फोडणी आणि लिंबू दिले, ते मला अधिक पटले. पाने संपली की मध्ये केसाळ भाग येतो. तो चमच्याने खरवडून टाकायचा, कारण तो घशात अडकतो. त्याखाली वाटीसारखा गाभा. साऱ्या खटाटोपाचे मोल त्यात. ताटातला चोथ्याचा ढीग जेवणाआधीपेक्षा मोठा दिसतो, हे खरे. आणि वर पाणी प्यायलो तर ते गोड! आवळा खाल्ल्यावर लागते तसे. नात तेवढ्यासाठी तीन पेले पाणी प्यायली.

फुटवे देणाऱ्या आजींचे घर त्याच वर्षी विकले गेले आणि त्या मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेल्या. नव्या मालकांनी मागचे आवार फरसबंद करून घेतले. म्हणजे त्या कुळाची झाडे आता आमच्याकडेच उरली होती. निघण्याआधी सप्टेंबरात मी फावड्याने तिन्ही झाडांचे बुंधे फोडले. मुळासकट पाच चांगले फुटवे निघाले. एक कुंडीत घालून आजींच्या मुलाने गाडीतून नेला, दोन शेजारी लावले, एक लेकीच्या मैत्रिणीने नेला आणि पाचव्याखाली जाळीची टोपली नव्हती, तो गोफरने खाल्ला.