ठासणीच्या बंदुकीचा हिशेब

रायपूर : १७ ऑक्टोबर २०२५ रोजी जगदलपूर येथे २१० माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा राजधानीच्या सत्तावर्तुळात या घटनेचे वर्णन ऐतिहासिक असे करण्यात आले. केंद्रीय समितीचा सदस्य रूपेश याच्यासह एवढ्या मोठ्या संख्येने सशस्त्र माणसे एकाच दिवशी शरण येणे ही सामान्य बाब नव्हती. त्या दिवशी १५३ हत्यारे शासनाच्या स्वाधीन झाली. त्यांतील १९ एके-४७, २३ इन्सास, १७ एसएलआर आणि ३६ थ्री नॉट थ्री रायफलींची चर्चा झाली. यादीतील सर्वांत मोठा आकडा मात्र दुर्लक्षितच राहिला. तो होता ४१ बारा बोअर व एकबारी बंदुकांचा. म्हणजेच परत आलेल्या हत्यारांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक हत्यारे त्याच कुळातील होती, ज्या कुळातील बंदुकीचा परवाना शेतकरी पिकाच्या राखणीसाठी मागतो.

या कुळातील सर्वांत जुने हत्यार म्हणजे बस्तरमधील ‘भरमार’. मराठी मुलखात ती ठासणीची बंदूक म्हणून परिचित आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार झाला की हा सारा व्याप पुन्हा पहिल्यापासून. जगातील प्रमुख लष्करांनी १८६० च्या दशकापासून ही पद्धत मोडीत काढली. ज्या काडतुसांवरून १८५७ चा वणवा पेटला, ती काडतुसे अशाच तोंडाने भरावयाच्या एनफिल्ड रायफलीची होती. त्या वणव्याची धग रायपूरलाही लागली. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना याच शहरात मृत्युदंड देण्यात आला, आणि १८ जानेवारी १८५८ रोजी तिसऱ्या पलटणीच्या दारूगोळा कोठारावरील हनुमान सिंह याने सार्जंट मेजर सिडवेल याचा वध केला. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरविले. बंदूक गेली, ती घडविण्याची विद्या मात्र गेली नाही.

बंद पडलेली बंदूक परत येते, तेव्हा तिच्या परतण्याची कारणे पाहणे उद्बोधक असते. अमेरिकेत रुगर कंपनीने १९७७ मध्ये आणलेली ‘रेड लेबल’ ही वर-खाली दोन नळ्यांची बंदूक २०११ मध्ये बंद केली, २०१३ मध्ये नव्या रूपात आणली, अल्पावधीतच पुन्हा थांबविली आणि २०२५ मध्ये कनेक्टिकटमधील एका बंदूक कारखान्याच्या सहकार्याने तिसऱ्यांदा जाहीर केली. तेथे निर्णय बाजाराचा होता. दोन नळ्यांचा नेम एकाच बिंदूवर जुळविणे हे कष्टाचे व खर्चाचे काम. ते परवडले तर बंदूक राहते, न परवडले तर जाते. बस्तरमध्ये भरमारला असा कारखाना नाही आणि जाहिरातही नाही. ती टिकली ती गरजेपोटी. आधी पारध आणि पिकाची राखण, नंतर युद्ध.

२१ सप्टेंबर २००४ रोजी पीपल्स वॉर आणि एमसीसी यांच्या विलीनीकरणातून भाकप (माओवादी) पक्ष स्थापन झाला. त्याच्या सशस्त्र रचनेत सर्वांत वर नियमित दले, त्याखाली स्थानिक पथके आणि तळाशी गावागावांतील जनमिलिशिया अशी उतरंड होती. लुटलेल्या आधुनिक रायफली वरच्या दलांकडे जात, तर तळाच्या माणसाच्या वाट्याला भरमार किंवा धनुष्यबाण येई. सुरक्षा दलांच्या दृष्टीने भरमारचे लष्करी मोल फारसे नव्हते. परंतु संघटनेच्या दृष्टीने तिचे राजकीय मोल मोठे होते. खांद्यावर बंदूक आलेला तरुण गावाचा राहत नाही, तो पक्षाचा होतो, हे नेतृत्वाला नेमके ठाऊक होते.

येथेच प्रशासनाची खरी कसोटी सुरू होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम पिकाच्या प्रामाणिक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत करते. त्याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विनापरवाना बंदूक घडविणाऱ्यास किमान सात वर्षांचा कारावास आणि कमाल जन्मठेप होऊ शकते. म्हणजे एकच वस्तू एका कागदाच्या असण्याने शेतीचे साधन ठरते आणि नसण्याने घोर अपराध. ज्या मुलखात अनेक वर्षे तहसील कचेरीपर्यंत जाणेच जोखमीचे होते, तेथे हा कागद किती जणांकडे असणार, हे सांगण्यास आकडेवारीची आवश्यकता नाही.

हा भेद केवळ कायद्याच्या पुस्तकातील नाही. बस्तरमधील चकमकींच्या पोलीस निवेदनांत ‘घटनास्थळावरून भरमार बंदूक हस्तगत’ हे वाक्य वर्षानुवर्षे वाचावयास मिळाले आहे. मृताशेजारी सापडलेल्या एके-४७ वरून निष्कर्ष काढता येतो. भरमारवरून तो काढणे धोक्याचे आहे, कारण ती बंडखोराची असू शकते तशीच रानडुकरांपासून शेत राखणाऱ्याचीही असू शकते. मृताची ओळख ठरविताना किती सावधगिरी हवी, याचा धडा २८ जून २०१२ च्या रात्री सारकेगुडा येथे मिळाला. तेथे १७ ग्रामस्थ मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, असे न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाने नमूद केले आणि हा अहवाल २०१९ मध्ये उघड झाला. सात वर्षांनी मिळालेला हा निर्वाळा मृतांच्या काही उपयोगाचा नव्हता.

हत्यारे परत घेण्याचा प्रश्न या राज्याला नवा नाही. जून २००५ मध्ये सुरू झालेल्या सलवा जुडूमच्या काळात शासनाने स्वतःच आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांच्या खंडपीठाने ही नेमणूक घटनाबाह्य ठरवून त्या बंदुका परत घेण्याचा आदेश दिला. शासनाने त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून याच तरुणांना सेवेत सामावून घेतले. कायदा करणे हा न्यायालयाचा अवमान नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केल्याने तो वाद संपला. या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट मात्र उरते : बंदूक देणे एका हुकमाचे काम असते, ती परत घेणे दशकांचे.

३१ मार्च २०२६ पर्यंत देश नक्षलमुक्त करण्याची मुदत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये रायपुरातच जाहीर केली होती. छत्तीसगडचे पुनर्वसन धोरण शरण येणाऱ्यास हत्याराच्या प्रकारानुसार मोबदला देते आणि हत्यार जितके आधुनिक तितकी रक्कम मोठी, असे त्याचे सूत्र आहे. युद्ध संपविण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु शांतता रुजविण्यासाठी तेवढे पुरेसे नाही. ज्याच्या घराच्या आढ्याला आजोबांच्या काळातील बंदूक खोचलेली आहे आणि ज्याने कधी पक्षाचे नाव घेतले नाही, असा माणूस कोणत्या रांगेत उभा राहणार? तो शरणार्थी माओवादी नाही, आणि परवानाधारकही नाही. बंदूक घेऊन ठाण्यात जावे तर गुन्ह्याचे भय, घरात ठेवावी तर संशयाचे.

शेजारच्या गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनावरून ग्रामस्थांनी वडिलोपार्जित भरमार बंदुका आपणहून स्वाधीन केल्याची उदाहरणे आहेत. छत्तीसगडला त्याच्याही पुढे जाता येईल. ठरावीक मुदतीत बंदूक आणून देणाऱ्यावर गुन्हा नोंदविला जाणार नाही, ही हमी. खऱ्या शेतकऱ्याला तेराव्या कलमाखालील परवाना गावाजवळच्या शिबिरात. आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर, जेणेकरून बंदुकीची गरजच उरू नये. कोंडागावच्या लोहशिल्पाला देशभर मागणी आहे. ज्या हातांना लोखंड वाकविता येते त्यांना बाजार मिळाला, तर चोरून नळी घडविण्याचे कारण त्यांच्यापाशी राहणार नाही.

एके-४७ शस्त्रागारात जमा झाली की तिचा प्रश्न सुटतो, कारण ती गावात तयार होत नाही. भरमारचे तसे नाही. तिचा साचा शेजारच्या भात्यापाशी आहे आणि तिची गरज शेताच्या बांधावर. १५३ हत्यारांचा हिशेब जगदलपुरात एका दिवसात मांडता आला. आढ्यावरच्या बंदुकांचा हिशेब मांडायचा तर शासनाला गावात जावे लागेल, आणि या वेळी त्याच्या हातात बंदुकीऐवजी नोंदवही असावी लागेल.