ड्रोनची बॅटरी ‘संपली’ म्हणजे नेमकं काय झालं?

पीएचडीच्या पहिल्या हंगामात माझा ड्रोन उसात उतरला. पडला नाही, अगदी शांतपणे स्वतःहून उतरला. डिसेंबरची थंड सकाळ, डोक्यावर जाणारा ऊस आणि ड्रोनला विभागाकडून मागून आणलेला मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा. सापडायला दोन तास लागले. बॅटरी मोजली तर १५.२ व्होल्ट! म्हणजे बॅटरी संपलेलीच नव्हती. मग तो उतरला का?

आधी साधा हिशेब. लिथियम-पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. माझा पॅक चार सेलचा, म्हणजे भरलेला १६.८. मी ‘बॅटरी कमी’ची मर्यादा १४.२ ठेवली होती आणि तिथे पोचल्यावर करायची कृती ‘लॅंड’. कागदावर सगळं ठीक.

गडबड इथे आहे: उडताना दिसणारं व्होल्टेज हे बॅटरीचं खरं व्होल्टेज नसतं. प्रत्येक पॅकला अंतर्गत रोध असतो, आणि करंट वाहिला की तेवढं व्होल्टेज आतच खर्च होतं. समजा रोध ३० मिलिओहम आहे. एका जागी तरंगताना २० अँपिअर लागले तर ०.६ व्होल्ट गेले. समोरून वारा आणि वर चढायचंय, ४० अँपिअर लागले, तर १.२ गेले. १५.२ चे झाले १४.०. थंडीत हा रोध आणखी वाढतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आर्डुपायलट मर्यादेखालचं व्होल्टेज सलग १० सेकंद दिसल्यावर फेलसेफ लावतो (मूळ सेटिंग तेवढंच आहे), त्यामुळे क्षणभराचा झटका चालून जातो. माझी चढण दहा सेकंदांपेक्षा लांब होती, एवढंच.

तुमच्या पॅकचा रोध तुम्हीच काढू शकता. उड्डाणाच्या लॉगमध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्ही असतात. थ्रॉटल झपकन बदललेले काही सेकंद निवडा, करंट आडव्या अक्षावर, व्होल्टेज उभ्या अक्षावर मांडा. रेषेचा उतार म्हणजे रोध. अकरावीचं फिजिक्स आहे, पण मी ते उसातून बाहेर आल्यावर केलं!

यावर उपाय म्हणून मर्यादा सरळ खाली ओढू नका. ३.८ ते ३.७ च्या आसपास सेलचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, ३.५ च्या खाली मात्र धाडकन कोसळतं. तिथे इशारा मिळाला तर परतायला वेळच उरत नाही. त्यापेक्षा आर्डुपायलटला कच्च्या व्होल्टेजऐवजी भाराचा परिणाम वजा करून काढलेलं व्होल्टेज वापरायला सांगता येतं. त्यासाठी करंट सेन्सर लागतो. आणि हो, हे निवडलंत तर मर्यादा वर न्यावी लागते. भाराखालचे ३.५ आणि विश्रांतीतले ३.५ यांत फार फरक आहे, विश्रांतीत ३.५ दिसत असेल तर सेल जवळपास रिकामा असतो.

आकडाच चुकीचा असेल तर हे सगळं वाया. चांगल्या मल्टिमीटरने मोजा, ग्राउंड स्टेशनवरच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि गुणक दुरुस्त करा. चार सेलवर ०.३ व्होल्टची चूक किरकोळ वाटते, पण त्या सपाट भागात ती पंधरा-वीस टक्के चार्जची चूक ठरू शकते.

एकूण व्होल्टेजही फसवतं. १४.४ म्हणजे सेलमागे ३.६, असं आपण धरतो. पण तीन सेल ३.७ वर आणि चौथा ३.३ वर असला तरी बेरीज १४.४ च येते. जुन्या पॅकमध्ये असा एखादा सेल निघतोच. म्हणून मी आता बॅलन्स लीडला सेलनिहाय मोजणारा छोटा बझर लावतो.

सध्या माझं सेटिंग असं: भार वजा केलेलं व्होल्टेज, १४.८ ला परत ये, १४.४ ला असशील तिथे उतर. जोडीला उरलेल्या मिलिअँपिअर-तासांची मर्यादा. पण ही मोजणी पॅक सुरुवातीला पूर्ण भरलेला होता असं गृहीत धरते, त्यामुळे अर्धवट वापरलेला पॅक लावायचा नाही. शिवाय परतताना ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो, म्हणजे सगळ्यात जास्त करंट नेमका तेव्हाच लागतो. परतीची उंची उसापेक्षा, झाडांपेक्षा जास्त हवी. पण उगाच शंभर मीटर नको.