हरलेला कप्तान

फुटबॉलचा कप्तान राज्यकर्ताही चांगलाच निघेल, असे थोडेच आहे? लायबेरियाचा जॉर्ज विया पाहा. १९९५ साली जगातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला हा गडी राष्ट्रीय संघाचा खर्च पदरमोड करून भागवी. पण २०१८ साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर महागाई आणि लाचलुचपत काही त्याला आवरेना. मला त्याच्यातला कप्तान दिसला तो तो हरला तेव्हा! नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत जोसेफ बोआकाई जेमतेम सव्वा टक्क्याने पुढे होते. अंतिम निकालाची वाट न पाहता वियाने त्यांना फोन करून अभिनंदन केले. आणि हे कुठे, तर जिथे १९८० व १९९० साली राष्ट्राध्यक्षांचे खून पडले होते, त्या देशात!